बिल्ल्याचा मुका

बाळूच्या सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. समोरच्या टीव्हीवर एक परदेशी फुटबॉलपटू नव्या क्लबची जर्सी चढवून उभा होता. त्यानं छातीवरचा बिल्ला मुठीत धरला, डोळे मिटले आणि त्याचा मुका घेतला. म्हणाला, "लहानपणापासून याच क्लबचं स्वप्न पाहिलं." पाठोपाठ निवेदिकेनं सांगितलं, की या क्लबच्या देशात कमाईवर कर नाही, राहायला बंगलाही फुकट, म्हणून त्यानं बाकीच्या क्लबांना नकार दिला.

मला शिसारी आली. गेल्या हंगामात याच ओठांनी दुसरा बिल्ला चुंबला होता. आमच्या कोल्हापुरात पेठ बदलून दुसऱ्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळणारा पोरगा निदान काही दिवस मान खाली घालून फिरतो.

"त्यात काय चुकलं, काका?" बाळू म्हणाला. "भाडं परवडंना म्हणून मीबी दुकान ह्या गल्लीत आणलंच की."

"आणलंस. पण येताना गल्लीचा मुका घेतलास का?"

बाळू खदखदून हसला. कर, घरभाडं, पोरांच्या शाळा बघूनच माणूस पाऊल टाकतो. त्या खेळाडूनं एवढं सरळ सांगितलं असतं, तर मी त्याला शहाणा म्हटलं असतं. पण हिशेबाला भक्तीचा शेंदूर फासायचा, आणि वर आम्ही टाळ्या पिटायच्या!

टीव्हीवर तोच मुका पुन्हा दाखवला, या वेळी अगदी सावकाश. गालावर वस्तरा होता, म्हणून थुंकता आलं नाही.