पानावर आडवा हात

माझी सून इंग्रज आहे. मुलगा तिकडेच नोकरीला, तिकडेच लग्न झालं, आणि दर रविवारी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर ती मला हसून भेटते. तिला हिंदी येत नाही, मराठी तर नाहीच. माझं इंग्रजी सरकारी कचेरीतलं. त्या इंग्रजीत रजेचा अर्ज मंजूर करता येतो, सुनेशी चार गप्पा मारता येत नाहीत. म्हणून निवृत्तीनंतर मी आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, गोहलपूर मोहल्ल्यात, इंग्रजी बोलायच्या क्लासला जाऊ लागले. खाली लाकडाचा कारखाना, वर आमचा वर्ग. शिकवणारी मुलगी माझ्या मुलापेक्षा लहान. तरी मी तिला दीदी म्हणते आणि ती मला आंटीजी.

सुनेला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हापासून माझा जीव तिकडेच होता. बाळंतपणाला आपण जायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं, सगळं मनात ठरून गेलं होतं. फक्त कोणी बोलवायचं बाकी होतं.

आणि तिनं बोलावलंही. एका रविवारी तिनं सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं की बाळ येईल तेव्हा तुम्हाला इकडे राहायला आवडेल का. मला सगळं समजलं. खूप आनंद झाला आणि मी म्हणाले, "नो नो, व्हाय ट्रबल."

मग मी वाट पाहत बसले. आमच्यात कोणी जेवायला बोलावलं, साडी दिली, नुसता चहा विचारला, तरी आधी नकोच म्हणायचं असतं. समोरच्यानं पुन्हा म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, मग त्यानं रागवायचं आणि आपण कसंबसं हो म्हणायचं. सून म्हणाली, "नो प्रेशर ॲट ऑल," गोड हसली आणि त्यांच्याकडच्या थंडीबद्दल बोलू लागली. पंगतीत रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरावा आणि वाढणारी खरंच पुढच्या पानाकडे निघून जावी, तसं माझं झालं.

दुसऱ्या दिवशी क्लासात मी त्या वाक्याचा अर्थ विचारला. खाली करवत चालली होती, त्यामुळे दीदी ओरडूनच म्हणाली की मतलब टेन्शन मत लीजिए. मी कुठं टेन्शन घेतलं होतं? मला तर आग्रह हवा होता.

पुढच्या रविवारी मीच तिकडच्या थंडीचा, तिच्या एकटेपणाचा विषय काढला. म्हटलं, आता तरी ती पुन्हा विचारेल. विचारलं तिनं, पण असं काही की मी येण्याबद्दल 'प्ले इट बाय इयर' करू या. कान कुठून आला यात? दीदीनं सांगितलं की याचा अर्थ, आधीपासून काही ठरवायचं नाही, वेळेवर जसं जमेल तसं. मी आणखीनच चक्रावले. बाळंतपण का कुठं न ठरवता होतं? हिला मी हवी आहे की नको?

सराफ्यात बाळासाठी चांदीचे वाळे घ्यायला गेले, तर सराफानं विचारलं, कधी निघता? पाहू, म्हटलं. घरी येऊन यांच्यासमोर रडले.

हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तू नाही म्हटलं ना? मग आता काहून रडून राहिली?"

"नाही म्हटलं म्हणजे काय नाही म्हटलं?" मी म्हणाले.

यांनी पुन्हा पेपर उघडला.

मग मुलाचा एकट्याचा फोन आला. सुनेच्या आईनं रजा काढली होती, ती राहायला येणार होती. मी चिडले. म्हटलं, तुला तरी माहीत होतं ना की मी पहिल्यांदा नाहीच म्हणते? तो हळूच म्हणाला, "आई, मीच तिला सांगितलं होतं. आई जे म्हणेल ते मान, जबरदस्ती नको करू. तिला वाटलं तुला यायचंच नाही. खूप वाईट वाटलं तिला."

मुलगा माझाच, आणि त्यालाही मी कळले नव्हते.

क्लासात मी दीदीकडे एक वाक्य मागितलं. तिनं फार सुंदर, लांबलचक वाक्य दिलं. त्यात पुन्हा आपला तो त्रास, तकलीफ नसेल तर वगैरे होतंच. मी म्हटलं, सीधा बताओ. ती म्हणाली, "आय वाँट टू कम." हे मी घोकत राहिले. शब्द सोपे होते, पण जीभ लाजत होती. माहेरी जायचं असलं तरी मी जन्मभर 'तुम्ही म्हणाल तर' असंच म्हणत आले. मला जायचंय, असं कधी कोणाला म्हटल्याचं आठवेना.

रविवारी पडद्यावर दोघं आले. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच मी ते म्हणून टाकलं. सुनेनं तोंडावर हात ठेवला. मग ती भरभर काहीतरी बोलू लागली, आणि क्लासच्या सगळ्या फिया वाया गेल्यासारखं मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी मुलाला विचारलं, काय म्हणते?

"ये म्हणते," तो म्हणाला. "आणि विचारते, हे आधी का नाही म्हणालीस?"

'ये' ऐकूनच माझे डोळे भरून आले. ती मात्र उत्तरासाठी माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला ते मराठीतही सुचेना.