अठ्ठावन्न किलोंची पॅसेंजर

तुमच्या चिन्न आजोबांइतका खराब रस्त्यावर विश्वास आणि चांगल्या कागदावर अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या चेन्नईत दुसरा नाही. असलाच, तर तो मला भेटू नये. एका जन्मात अशा एकाच माणसाच्या गाडीत बसण्याइतकी माझी कंबर मजबूत आहे. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंय, तेही लहानपणी, म्हणून सांगते. चिन्न म्हणजे धाकटे. तुमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ, माझे दीर. तांबरमच्या आमच्या घरात ते खालच्या मजल्यावर राहतात आणि मी वरच्या. तुमचे बाबा परवा फोनवर म्हणाले, ‘आई, त्या वेड्या काकाच्या गाडीत या वयात बसू नकोस.’ मी बसणार आहे. का बसणार, ते या पत्रात लिहिलंय. तुम्ही ते इंग्रजीत मागितलं होतंत, तसं मिळणार नाही. अडेल तिथे बाबांना विचारा. त्यांनाही जरा वाचू दे.

चिन्न आजोबा गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर बनवतात. गाडीच्या चाकाला बसलेला हादरा आपल्यापर्यंत न पोचू देता स्वतःच्या पोटात घेणारी ही तेलाची जाड नळी. मूळ कंपनीची नळी झिजली की लोक बाजारातून दुसरी आणून बसवतात, ती यांच्या शेडमधली असू शकते. शेडमध्ये ही नळी दिवसभर वरखाली आपटत राहणारं एक यंत्र आहे आणि ते यंत्र आकड्यांचा कागद काढून देतं. दुसरा कुणी कारखानदार असता, तर त्यानं तो कागद चौकटीत लावून उदबत्ती ओवाळली असती. हे तो कागद घडी करून डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घालतात. मी एकदा विचारलं, ‘भाऊजी, मग यंत्र घेतलंत कशाला?’ तर म्हणाले, ‘बँकवाल्यांना दाखवायला. वैनी, यंत्राला कंबर आहे का? नाही ना? मग त्याला काय कळतंय!’

कंबर माझ्याकडे होती, तीही दुखरी. माझ्या आधी गाडीत बसून माल पारखायचं हे काम तुमच्या सख्ख्या आजोबांकडे होतं, पण ते कुठल्याही रस्त्यावर पाचव्या मिनिटाला घोरायला लागत. ‘झोपणारा पॅसेंजर चालत नाही’ असं सांगून धाकट्यानं थोरल्याला सरळ कामावरून काढलं आणि मला घेतलं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, वह्या तपासायची सवय होती आणि मार्क द्यायला माझा हात आखडता होता. या तीन गुणांवर माझी नेमणूक झाली.

ती नेमणूक म्हणजे काय होतं, ते ऐका. दर रविवारी पहाटे शेडमधल्या पोती तोलायच्या काट्यावर मला उभं करायचे. पहिल्या दिवशी माझं वजन चपला आणि पर्स धरून अठ्ठावन्न किलो भरलं आणि त्या दिवसापासून ते अठ्ठावन्नच राहिलं पाहिजे, असा हुकूम निघाला. वजन बदललं की आधीच्या रविवारशी तुलना होत नाही! दिवाळीच्या आधी ते वर येऊन माझ्या फराळाच्या डब्यांकडे अशा संशयानं बघत की मी चकली लपवून खाऊ लागले. चपला त्याच, पर्स तीच, पर्समधली छत्रीसुद्धा तीच. माझ्या शेजारी सीटवर एक स्टीलचं पातेलं, आतल्या रेघेपर्यंत ताकानं भरलेलं. पाणी का नाही? ‘पाणी वाळून जातंय, पुरावा राहत नाही. ताकाचा डाग राहतोय.’ मग अड्यारवरून, सबंध शहर ओलांडून, पार उत्तरेला एन्नोरपर्यंत जायचं. तिथे बंदराच्या कंटेनर लॉऱ्यांनी रस्त्याची जी चाळण केली आहे, तिला चिन्न आजोबा ‘माझी लॅबोरेटरी’ म्हणतात. एका वर्षी तो रस्ता दुरुस्त झाला, तेव्हा ते आठवडाभर सुतकात असल्यासारखे वागत होते. सुदैवानं पुढच्या पावसाळ्यात तो पूर्ववत झाला.

गाडीला त्या दिवशी कुणाचा माल लावलाय, स्वतःचा, दुसऱ्याचा की जुना झिजलेला, हे मला सांगायचं नाही. चिठ्ठीवर फक्त नंबर. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळू नये, म्हणून ते पासपोर्टच्या फोटोसारखं तोंड करून गाडी चालवत. मी वहीत दहापैकी मार्क लिहायचे. मग एन्नोरच्या चहाच्या टपरीवर पातेल्यात पट्टी बुडवून किती ताक सांडलं ते मोजायचं आणि वही उघडायची. टपरीवाला मला ‘टेस्ट पाट्टी’ म्हणतो. पाट्टी म्हणजे आजी. मासे घेऊन बसची वाट बघणाऱ्या बायका आधी आमच्याकडे बघून हसत, आता विचारतात, ‘पाट्टी, आज किती मार्क?’

आता त्या रविवारचं सांगते. दुकानांची मोठी साखळी असलेल्या एका कंपनीला यांचा माल घ्यायचा होता. शेडला तोवर बरे दिवस नव्हते, आणि ही ऑर्डर मिळाली असती तर पुढची काही वर्षं चिंता नव्हती. यंत्राचा कागद त्यांनी आधीच पसंत केला होता. कुणीही शहाणा माणूस तिथेच सही घेऊन मोकळा झाला असता. यांनी त्या कंपनीच्या साहेबांना कळवलं, ‘आधी गाडीत बसा.’ साहेब आले, पातेलं बघून हसले आणि पुढच्या सीटवर बसून मोबाइलमध्ये बुडाले. मी चपला घालत होते, तेवढ्यात माझी धाकटी जाऊ, तुमची चिन्न आजी, जिन्यापाशी आली. माझ्या हाताला धरून म्हणाली, ‘अक्का, आज आपलाच माल आहे. एवढा एक दिवस बरे मार्क द्या. मी आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही.’ खरंच नव्हतं मागितलं.

एन्नोरच्या पुलावरून उतरताना खड्डा आला, आणि मागच्या डाव्या चाकानं अशी धडक दिली की माझ्या कंबरेतून कळ थेट दातांपर्यंत गेली. ताक उसळून माझ्या पदरावर आलं. साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, ‘सुपर, सार!’ मी वही उघडली आणि लिहिलं, नऊ.

टपरीवर चिन्न आजोबांनी पट्टी बुडवली, बघितली, पुसली, परत बुडवली. मग माझी वही वाचली. मग माझा पदर. फार सावकाश म्हणाले, ‘वैनी, तुम्ही नऊ देताय. ताक तीन देतंय.’

मी शाळेत कॉपी करताना पकडलेली शेकड्यांनी पोरं पाहिली होती. त्या वेळी त्यांना काय वाटत असेल, ते मला त्या टपरीवर कळलं.

ते साहेबांकडे वळले. ‘सार, आज पास नाही. अस्की परत उघडून बघायला पाहिजे.’ (अस्की म्हणजे सगळं. तंजावरहून आलेली आमच्या सासरची मराठी, तुमच्या आजोबांची पण तीच होती.) साहेबांना वाटलं, म्हातारा भाव वाढवतोय. ‘अहो, रिपोर्ट ओके आहे, मी ओके आहे. गाडीत बसून ताक कोण पितं? सही करा.’

‘तुम्ही ओके आहात, त्याचा संतोष आहे. मी नाही. पोंगलनंतर या.’

‘पोंगलपर्यंत कोण थांबणार? दुसरा माल तयार आहे.’

‘मग तो घ्या. त्या गाडीत तुमच्या आईला बसवून एकदा इथे आणा.’

साहेब तिथूनच टॅक्सी करून गेले. परतीच्या वाटेवर चिन्न आजोबा एकच वाक्य बोलले, तेही काचेकडे बघत. ‘आज पॅसेंजर बिघडला.’ ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी तयार होऊन गॅलरीत आले, तर खाली गाडीत माझ्या जागेवर तांदळाचं पोतं. काट्यावर तोललेलं, नेमकं अठ्ठावन्न किलोंचं, वर सीट बेल्ट लावलेलं! असे चार रविवार गेले. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एका पोत्यानं माझी जागा घेतली. चिन्न आजी नवऱ्याशी बोलत नव्हती, मी जिन्यातल्या आरशाशीसुद्धा बोलत नव्हते. पाचव्या रविवारी मी चपला घातल्या, पर्स घेतली आणि खाली जाऊन गाडीचं दार उघडलं.

‘भाऊजी, पोतं काढा. पोत्याला कंबर नाही.’

‘खोटं लिहिणार?’

‘नाही.’

‘बायको माझी रडली तरी?’

‘तरी नाही. तुम्ही रडलात तरी नाही.’

‘सरी, ठीक. काट्यावर चला.’

त्या दिवशी मी सुधारलेल्या मालाला चार दिले. आमच्या चिन्न आजोबांनी, आपला माल नापास झाला म्हणून, येताना अर्धा किलो म्हैसूरपाक घेतला आणि मला त्यातला एक तुकडाही खाऊ दिला नाही. वजन! आठ मार्क मिळायला पोंगल उलटून गेला, आणि ऑर्डर तोवर दुसऱ्याची झाली होती. अर्धी शेड त्यांनी नंतर भाड्यानं दिली. उरलेल्या अर्ध्या शेडमधून माल निघतो आणि तो टॅक्सीवाले येऊन नेतात. खोक्यावर ‘नंबर वन’ नाही, ‘गॅरंटी’ नाही, हसणारी बाई नाही. फक्त तमिळ आणि इंग्रजीत छापलंय, ‘एन्नोर रस्त्यावर बसून पाहिलेलं. पॅसेंजर अठ्ठावन्न किलो.’ म्हणजे तुमच्या आजीचं वजन दुकानादुकानांत टांगलेलं आहे. मला त्याची काडीमात्र लाज नाही. हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगू नका. गेल्या दोन वर्षांत काटा अठ्ठावन्नवर जात नाही. पहिल्यांदा छप्पन्न दाखवला, तेव्हा चिन्न आजोबांनी काट्याला दोष दिला, तेल घातलं, परत तोललं. मग घरात गेले, एका कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून आणले आणि गाडीत बसल्यावर माझ्या मांडीवर ठेवले. ‘अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न, वैनी.’ तेव्हापासून ती पिशवी दर रविवारी माझ्या मांडीवर असते. ते तिच्यात अधूनमधून मूठभर तांदूळ घालतात, मी गाडीत बसायच्या आधी, पाठ करून, मला दिसणार नाही अशा बेतानं. मी वहीत मार्क लिहिते, त्याबद्दल लिहीत नाही. या रविवारी ती पिशवी हाताला चांगलीच जड लागली.