सुनंदाताईंचा स्पीड कुठे गेला

हिमोग्लोबिन साडेआठ. बाई समोर ट्रॅकसूट घालून बसलेली आणि तक्रार काय, तर "मॅडम, मी स्लो झाले."

छातीत दुखतं? नाही. चक्कर येते? नाही. भूक? बरी आहे. फक्त स्लो. मी नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात फिजिशियन आहे. माझ्याकडे लोक 'लई कमजोरी आली' म्हणत येतात. 'किलोमीटरला दीड मिनिट जास्त लागून राहिलंय' अशी तक्रार घेऊन कुणी येत नाही. मला आधी जरा हसूच आलं. मग रिपोर्टचा कागद उलटला आणि हसू गेलं.

सुनंदाताई लोह्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. पंचेचाळिशी उलटलेली. शुगरच्या भीतीने चालायला लागल्या, चालता चालता पळायला लागल्या, आणि मग एकवीस किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉन पुऱ्या करू लागल्या. रविवारी विष्णुपुरीच्या रस्त्याला पळायच्या, बाकी दिवस शाळेच्या आधी शेतरस्त्याने. गावातले लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. मनगटावर प्रत्येक किलोमीटरची वेळ दाखवणारं घड्याळ. त्या घड्याळाने आजार सगळ्यांच्या आधी पकडला होता. ऐकलं कुणी नाही.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा घटक. घरकाम करणाऱ्या बाईचा तो हळूहळू निम्म्यावर आला तरी तिला पटकन कळत नाही. पळणाऱ्या बाईला थोडासा घसरला तरी कळतं, कारण ती असेल नसेल तेवढा सगळा वापरत असते. तिचा स्पीड उगाच कमी होत नाही.

"आधी कुणाला दाखवलं होतं?" मी विचारलं.

"इथंच, सरांना. दीडेक वर्ष झालं. तवाबी असंच झालं होतं. रक्त कमी निघालं. सर म्हणाले, पाळीत जाऊन राहिलंय, पिशवी काढून टाकू."

सर म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मालक, स्त्रीरोगतज्ज्ञ. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या भागात पिशवी काढणं हे दाढ काढण्याइतकं साधं झालंय. अंगावर जातंय, कंबर दुखतेय, पाळी लांबतेय, काढा पिशवी. लेकरं झाली ना, मग ठेवून करायचंय काय? सुनंदाताईंच्या दोन्ही जावांच्या निघाल्या होत्या. 'आमच्या घरात आता कुणाचीच राहिली नाही,' असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. ऐकताना माझा संताप होत होता, पण तो त्यांच्यावर काढून काय उपयोग?

"पाळीत खरंच जास्त जायचं का ताई?"

"तसं नाही मॅडम. नेहमीसारखंच जायचं. मी म्हणलं होतं तसं. सर म्हणाले, तुमच्या लक्षात येत नाही."

पोट उघडून ऑपरेशन झालं होतं. सोबत आयर्नची सलाईनंही लावली होती, म्हणजे शिरेतून लोह दिलं होतं. पुढचे काही महिने स्पीड परत आला. घरचे म्हणाले, बघ, पिशवीच खात होती तुला. सुनंदाताईंनाही तेच पटलं. खरं काम केलं होतं सलाईनने, श्रेय गेलं ऑपरेशनला. मग स्पीड पुन्हा ढळायला लागला. त्यांनी बूट बदलले, खारका-बदाम खाल्ले, उन्हाला दोष दिला, वयाला दिला.

मी फेरिटिनची तपासणी केली. फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची साठवण. ती तळाला गेलेली. आता हिशेब सोपा होता. पाळी येणारी बाई असती तर लोह तिथे जातंय असं म्हणता आलं असतं. या बाईला पाळीच नव्हती. मग रक्त जात होतं कुठं?

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, त्या पळणाऱ्या शिक्षिकेचं हिमोग्लोबिन परत साडेआठ आहे."

"आयर्न लाव आणि घरी पाठव. पळणं बंद करायला सांग."

"लोह पार संपलंय सर. रक्त कुठून तरी जातंय."

"बायकांचं जातंच."

"सर, तिला पिशवी नाहीये. तुम्हीच काढलीय."

सरांनी मोबाइलमधून मान वर केली. "मग जेवत नसेल नीट."

"अंडी, मटण, पालेभाज्या, सगळं खाते. मला कोलोनोस्कोपी करायचीय." कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायचं. आमच्याकडे ती सोय नव्हती. "लातूरला माझा बॅचमेट करतो. त्याच्याकडे पाठवते."

"एका रक्ताच्या रिपोर्टवर पेशंट बाहेर पाठवणार?"

"हो सर."

"तुझ्या जबाबदारीवर पाठव."

"पाठवते."

आता सुनंदाताईंच्या घरच्यांना तयार करायचं होतं. त्यांचे यजमान मिलिंदराव एसटीत ड्रायव्हर. ते ड्युटीच्या खाकी कपड्यांतच आले.

"मॅडम, पोट तर दुखून नाही राहिलं हिचं. संडासलाबी साफ होतंय. मंग दुर्बीण कशाला? रक्ताच्या दोन बाटल्या लावा ना. मी कवापासून म्हणतो, लई पळू नको, लई पळू नको. ऐकतच न्हाई."

"पळण्याने हे झालेलं नाही. पळत होत्या म्हणून कळलं तरी." मग त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, "तुमच्या गाडीचं ऑइल सारखं कमी होत असेल, तर तुम्ही नुसतं ओतत राहता का?"

"न्हाई. खाली वाकून बघतो, कुठून गळून राहिलंय ते."

"मग?"

ते बायकोकडे बघत राहिले. "कवा जायचं?" एवढंच विचारलं.

त्यांची मुलगी लातूरला नीटच्या क्लासला होती. दर शनिवारी तिचा डबा घेऊन जायचंच असायचं. त्याच शनिवारी तपासणीही ठरली. मुलीला काही सांगू नका, तिची परीक्षा आहे, असं सुनंदाताईंनी मला बजावलं.

दुपारी बॅचमेटचा फोन आला. "उजव्या बाजूला, मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं गाठ आहे. मोठी आहे. तुकडा तपासायला पाठवतोय, पण मला शंका नाही."

आतड्याच्या त्या भागात मळ पातळ असतो. त्यामुळे गाठ वाढली तरी वाट अडत नाही, पोट दुखत नाही. रक्त थोडं थोडं झिरपतं आणि मळात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. बाई फक्त स्लो होते. सीटी स्कॅनमध्ये लिव्हरवरही डाग दिसले. म्हणजे कॅन्सर पसरला होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ना, इथे तर पखालच कापून टाकली होती.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. मधल्या काळात एकदा त्या माझ्या ओपीडीत आल्या. डोक्याला स्कार्फ, पायात तेच पळायचे बूट. मिलिंदरावांना त्यांनी औषधं आणायला खाली पाठवलं. ते गेल्याची खात्री करून मला म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"सरांनी माझी पिशवी काढली, तवा ही गाठ आत होती का?"

या प्रश्नाला फाटे फोडता आले असते. नक्की सांगता येत नाही, प्रत्येकाचं शरीर वेगळं, वगैरे. आम्ही डॉक्टर त्यात पटाईत असतो. पण मला त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"बहुतेक होती. अशा गाठी वाढायला बरीच वर्षं लागतात."

"आणि तवा लिव्हरला गेली नसंल?"

"नसेल बहुतेक."

त्यांनी पोटावर हात ठेवला, आधी मध्यावर, मग उजवीकडे. "पिशवी हितं असती. आणि गाठ हितं."

"हो."

"म्हणजे पोट उघडलं होतं. वीतभर लांब होती फक्त."

त्या रडल्या नाहीत. मिलिंदराव औषधं घेऊन आले तेव्हा त्या त्यांना म्हणाल्या, "चला, बस चुकंल."

पुढचा उन्हाळा सुनंदाताईंनी पाहिला नाही. सरांना मी बातमी दिली. "वाईट झालं," ते म्हणाले, "कॅन्सरला कोण काय करणार?" आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी अजून तिथेच काम करते. दोनदा राजीनामा लिहिला आणि दोनदा फाडला, कारण मी गेले तर हा एक प्रश्न विचारायलाही तिथे कुणी उरणार नाही.

रक्त कमी निघालं की ते भरण्याआधी विचारायचं, गेलं कुठं. मेडिकल कॉलेजात पोरांना हे सुरुवातीलाच शिकवतात. आमच्याकडे पेशंट बाई असली की उत्तर आधीच ठरलेलं असतं, म्हणून प्रश्न कुणी विचारत नाही.