तिसरी फरशी

त्या हॉस्पिटलात डॉक्टर आले-गेले, नर्स आल्या-गेल्या, लिफ्ट तर इतक्यांदा बंद पडली की तिला स्वतःचाच कंटाळा आला असेल. प्लास्टरमामा मात्र वीस वर्षं त्याच खोलीत. हाडांच्या विभागाच्या अगदी टोकाला एक टेबल, एक स्टूल, कोमट पाण्याची बादली आणि तिच्यात बुडवायच्या प्लास्टरच्या पट्ट्या. सकाळी आठला पहिला हात, संध्याकाळी सहाला शेवटचा पाय. घरी परतताना बुटांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी पूड. इमारतीच्या दारातच खालच्या मजल्यावरच्या काकू स्वागताला हजर.

"आली का आमची पिठाची गिरणी?"

मामा हसायचे. म्हणजे ओठ हलवायचे. हसायला लागणारी शक्ती सहाच्या आधीच संपलेली असायची.

मुलांचं प्लास्टर कापण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते करवतीचं यंत्र घर्रर्र करून सुरू झालं की भल्याभल्या पोरांची बोबडी वळायची. मामा आधी ते पातं स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखवायचे. "बघ. कातडीशी याचं काही भांडण नाही. याचं वैर फक्त प्लास्टरशी." मग पोरगं आपणहून हात पुढे करायचं आणि त्याची आई म्हणायची, "मामा, किती हलका हात हो तुमचा!"

हा हलका हात घरी पोचेपर्यंत जड कसा व्हायचा, हे एक कोडंच होतं. मामा काही राक्षस नव्हते. छडी नाही, पट्टा नाही. एक कानाखाली, नाहीतर पाठीत एक धपाटा, आणि विषय संपला. निदान त्यांच्यापुरता संपला. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच वाढवलं होतं आणि ते वाढलेही होते, पावणेसहा फूट. दिवसभर लोकांची पोरं चुचकारून संयमाचा डबा रिकामा व्हायचा. स्वतःच्या पोरीच्या वाट्याला नुसतं झाकण.

पोरगी आठ वर्षांची. चढण्यासारखं काही दिसलं की चढायची, म्हणून सगळे तिला खार म्हणायचे. पाण्याची टाकी, जिन्याचा कठडा, मागची भिंत. त्या भिंतीवरून मामांनी तिला तीनदा खाली उतरवलं होतं आणि तिन्ही वेळा गाल लाल केला होता. तरी चौथ्यांदा ती चढलीच. फरक एवढाच पडला की आता मामा कामावर गेल्यावर चढायची. माराने पोर शहाणी झाली ती अशी.

त्या सोमवारी मामा घरी आले तेव्हा बायको अजून औषधांच्या दुकानातल्या कामावरून यायची होती. खार जमिनीवर बसून गृहपाठ करत होती. मामांनी खुर्चीत अंग टाकलं आणि ते वहीत डोकावले. अक्षरं कसली, शाईत बुडालेल्या मुंग्या गावभर हिंडून आल्या होत्या.

"हे काय आहे?"

"गृहपाठ."

"आणि डाव्या हाताने? नवीन नाटक का हे?"

खारीने वहीवर मान आणखी खाली घातली.

"उजव्या हाताने लिही."

पेन डाव्या हातातच राहिलं. मामांचा हात वर गेला. त्यात विचार वगैरे काही नव्हता. वीस रुग्णांनंतर बूट जसे आपोआप निघतात, तसा तो आपोआप गेला.

आणि तिथेच तो थबकला. कारण पोरीने तोंड झाकलं नाही. मार चुकवणारं पोर आधी गाल झाकतं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ही मात्र पाठ वळवून, उजवा हात पोटाशी धरून, त्याच्यावर वाकून बसली. गाल उघडा टाकला आणि मनगट झाकलं. असं कोण बसतं, हे मामा वीस वर्षं रोज दारातून बघत होते. रुग्ण आत पाऊल टाकायच्या आधी ते सांगायचे, हे मनगट, हा खांदा, ही कोपराची भानगड. दोन दिवस घरातलं मनगट मात्र त्यांना दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"दाखव," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. कोवळं हाड सहसा काडकन मोडत नाही, ओल्या काडीसारखं एका अंगाने चिरतं. कधी झालं? शनिवारी. कुठे? भिंतीवरून.

तिला घेऊन जिना उतरताना काकू दारातच उभ्या. "शेवटी कळलं वाटतं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"डोळ्यांदेखत पडली. तुम्ही दोघं सोडून साऱ्या इमारतीला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही, काकू?"

काकूंच्या तोंडात कधी तीळ भिजत नाही. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं दूध उतू गेलं, सगळं दहा मिनिटांत गच्चीपर्यंत पोचतं. त्या काकूंनी दोन दिवस तोंड शिवून ठेवलं होतं. "काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी मारणार, मग विचारणार. मी तेल चोळून दिलं. मला काय ठाऊक आत हाड गेलंय!"

मामांनी पोरीचा डावा हात धरला आणि ते रस्त्याकडे निघाले.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई ड्यूटीवर होत्या. हाताचा एक्स-रे काढला, प्लास्टर मामांनीच घातलं, तसं सुबक प्लास्टर त्या खोलीत कधी झालं नसेल. मग बाई मान खाली घालून म्हणाल्या, "मामा, जरा बाहेर थांबा."

हे वाक्यही मामांना पाठ होतं. पोरांना एकटं गाठून एक प्रश्न विचारायचा असतो: घरी कुणी मारलं का? आजवर शेकडो बाप त्या दाराबाहेर उभे राहिलेले त्यांनी आतून बघितले होते आणि मनात म्हटलं होतं, चेहऱ्यावरूनच कळतं म्हणा. आता ते स्वतः उभे होते, हातावरचं प्लास्टर वाळून तडकत होतं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक वॉर्डबॉय विचारत होता, "काय मामा, अजून घरी नाही?"

दार उघडलं. "भिंतीवरून पडली, खरं आहे ते," बाई म्हणाल्या. "मी विचारलं, दोन दिवस सांगितलं का नाहीस. तर म्हणाली, आधीच एक दुखत होतं, त्यात दुसरं कशाला."

मामा तळहातावरचं वाळलेलं प्लास्टर नखाने खरवडू लागले.

"ओरडत नाही मी तुमच्यावर," बाई हळूच म्हणाल्या. "पण मारून ती चढायची थांबली नाही, मामा. सांगायची थांबली. सांडलं तर तिच्याकडून पुसून घ्या, मोडलं तर जोडून घ्या. आणि राग आला की हातांना दुसरं काम द्या. इथे देताच की."

बोलायला काय जातं! घरी आल्यावर बायकोनेही ऐकवलं. "मी सांगून थकले. आता डॉक्टरांनी सांगितलं, आता पटेल." स्वतःलाही एक टोमणा मारला तिने, "मीही नुसती सांगतच राहिले म्हणा." आणि ती भाजी चिरायला बसली.

मग मामांनी हातांना काम दिलं. राग आला की बादली घासायची. पहिल्या आठवड्यात घरातल्या तिन्ही बादल्या आरशासारख्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी आपली पाठवून दिली. "खार आज काही उपद्व्याप करणार असेल तर आमचीही होऊन जाऊ दे."

भावाचा फोन आला. तो म्हणाला, "आपण काय बिघडलो रे मार खाऊन?"

"बाबांची चप्पल जिन्यात वाजली की तू कुठे जायचास, दादा?"

 भाऊ एकदम हवापाण्याचं बोलू लागला.

खारीने मात्र बादल्यांवर विश्वास ठेवला नाही. मामांच्या खुर्चीपासून पहिल्या दोन फरशांपर्यंत त्यांचा हात पोचतो, हे तिने कधीच मोजून ठेवलं होतं. बोलायला यायची ती तिसऱ्या फरशीवर उभी राहायची. शाळेचं, भुकेचं, पेन्सिल हरवल्याचं, सगळं तिसरीवरून. मामांना हे दिसायला लागलं आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं पातं तळहातावर टेकवलं. "बघ, काही करत नाही."

"मला माहितीये," खार म्हणाली. "मशीनला मी नाही घाबरत."

मामांनी प्लास्टर कापलं. पुढचा रुग्ण बोलावला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, अशीच एक पायात गोळे आलेली संध्याकाळ. खार आली. तिसरी फरशी.

"बाबा, मी भिंतीवर चढले होते. काकूंची कुंडी पडली. फुटली."

कुणीही बघितलं नव्हतं. काकू बाजारात होत्या. न सांगता चाललं असतं. मामांना हे सगळं कळलं, पण हाताला ते अर्धा क्षण उशिरा कळलं. तो खुर्चीच्या दांड्यावरून उठला, छातीपर्यंत आला.

खार चौथ्या फरशीवर गेली.

बादली दूर होती. मामांनी हात मांडीखाली घातला आणि ते त्याच्यावर बसले. तसेच बसून राहिले. हाताला मुंग्या आल्या, तरी काढला नाही. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"लागलं का कुठे?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"लागलं असतं तर सांगितलं असतं." खारीने त्यांच्या मांडीकडे बघितलं, तिथे हात आहे याची खात्री करून घेतली. "पण हात असा मांडीखाली असता तरच."

मामांनी मान हलवली. "काकू आल्या की आधी त्यांना सांगायचं. मग जुना डबा शोधू. माती तू आणायची, रोप तू लावायचं. मी नुसता बघणार."

"बसून?"

"बसून."

ती तिसऱ्या फरशीवर परत आली. दुसरीवर नाही. मामांनी तेवढ्यावर भागवलं. हात तसाच मांडीखाली ठेवून ते जिन्यात काकूंची चप्पल वाजायची वाट बघू लागले.