लिअरजेट की सायटेशन? लातूरच्या कुंपणापाशी झालेली माझी फजिती

नायगावात माझं औषधांचं दुकान आहे, पण गिऱ्हाइकापेक्षा माझं लक्ष आभाळाकडे जास्त. छोटी खाजगी जेट विमानं ओळखायचा मला नाद आहे. दुष्काळाची पाहणी करायला एक बडे पुढारी लिअरजेटनं लातूरला येणार आणि जमलं तर नव्या जिल्ह्याची घोषणाही करणार, असं कळलं. मी दुकानाला कुलूप लावलं.

नांदेडहून पहाटेची एसटी धरा, लोहा-अहमदपूरमार्गे साडेतीन-चार तास लागतात. डाव्या बाजूला बसू नका, उन्हानं भाजून निघाल. लातूरच्या स्टँडसमोर सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, खाल्ला. गरम होता, पण पाणी मागितल्यावर मालकानं अर्धाच ग्लास दिला. तिथून शेअर रिक्षा विमानतळापर्यंत जाते.

कुंपणाबाहेर रस्त्याचं काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बायकांपैकी महानंदा मावशींनी माझी दुर्बीण पाहून विचारलं, "इमानं वळखता का भाऊ?"

"पंचवीस वर्षं झाली," मी म्हणालो. खरं तर सात.

मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली. पुढारी उतरले की पाण्याचा टँकर आधी सभेच्या मैदानावर धूळ बसवायला जातो आणि त्यांच्या वस्तीवर दुपारनंतर येतो. विमान दुसऱ्या कुणाचं असलं, तर टँकर सरळ वस्तीवर. तसं असेल तर काम टाकून घागरी घेऊन पळायचं, नाहीतर उगाच कशाला मजुरी बुडवायची?

मी त्यांना धडाच दिला. दोन्ही विमानांची इंजिनं मागं, दोन्हींच्या शेपटीवर आडवी पट्टी. पण या लिअरजेटच्या पंखांची टोकं वर वळलेली असतात आणि शेपटीखाली दोन तिरपे छोटे पंख असतात. इथल्या एका साखर कारखानदाराचं सायटेशन जातीचं जे विमान इथं येतं, त्याची टोकं सपाट आणि शेपटीखाली काही नाही.

"म्हंजे एकाला मिशा हाईत, दुसऱ्याला न्हाईत," मावशी म्हणाल्या.

साडेदहाला विमान आलं. सूर्य डोळ्यांवर होता. एसटीतच मी ब्लॉगचं शीर्षक लिहून ठेवलं होतं, 'लातुरात लिअरजेट'. त्यामुळे मला लिअरजेटच दिसलं.

"पुढारी आले! बसा निवांत."

"भाऊ, मिशा दिसल्या न्हाईत मला."

"मावशी, दुर्बीण माझ्याकडं हाय ना?"

अकरा बायका पुन्हा खडी फोडायला बसल्या. अर्ध्या तासानं वस्तीकडून एक म्हातारे आजोबा धापा टाकत आले. "टँकर येऊन गेला की! तुमी हितं काय करायलात?"

मी कॅमेऱ्यातला फोटो मोठा केला. टोकं सपाट. शेपटीखाली काही नाही. मावशींनी वाकून पाहिलं आणि पुन्हा हातोडा उचलला. बाकीच्या बायकाही खडी फोडायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिक्षा करून मी शहरात पाण्याचे जार शोधत फिरलो. तीन ठिकाणी नकार मिळाला, चौथ्या ठिकाणी हातापाया पडून सहा जार मिळाले. वस्तीवर दोन हातांत दोन जार लटकवून चालत असताना डोक्यावरून घरघर आली.

"ते बघा, मिशावालं!" जेवणाच्या सुट्टीत वस्तीवर आलेल्या मावशी ओरडल्या.

खरंखुरं लिअरजेट होतं. कॅमेरा गळ्यात होता, हात मोकळे नव्हते. जार खाली ठेवायचं धाडस झालं नाही.

निघताना मी माफी मागितली. मावशी घागरीत पाणी ओतत म्हणाल्या, "आजचं भागलं. उद्या तुमी नसाल, म्हंजे उद्या काय अडचण न्हाई."

जिल्ह्याची घोषणा काही झाली नाही. माझ्याकडे लिअरजेटचा फोटोही नाही. तुम्ही जाणार असाल तर सकाळच्या उन्हात पंखांची टोकं नीट दिसत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि तिथल्या माणसांना विचारा.

परवा आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ आला. दुकान उशिरा उघडून मी सगळ्या घागरी भरल्या, टाकीही भरली. बायको दारात उभी राहून बघत होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आमच्या, पाणी आजवर तिनंच भरलं.

"का हो," ती म्हणाली, "आज आभाळात काहीच न्हाई का?"