गाभारा उत्तरेला की दक्षिणेला

ब्राउनश्वाइगजवळच्या एका खेड्यातलं मध्ययुगीन चर्च माझ्या नवऱ्यानं ऑक्टोबरमध्ये मोजलं. जानेवारीत त्याच्या मेंदूत गाठ सापडली आणि मे महिन्यात तो गेला. गाठ केव्हापासून होती, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. ऑक्टोबरमध्ये तो बरा होता, असं मी धरून चालले होते. तेवढा महिना तरी मला हवा होता.

मग त्याच्या प्रोफेसरांची मेल आली. प्रबंधातलं त्याचं मोजमाप जुन्या नकाशाशी जुळत नव्हतं. जुना नकाशाही चुकलेला असू शकतो, असं त्यांनी सौजन्यानं लिहिलं होतं. छापण्याआधी कुणाला तरी पाठवून बघतो, असंही. मीच जाते, असं मी कळवलं.

चर्च कसं बांधतात हे त्यानं मला देवळाच्या शब्दांत समजावलं होतं. पश्चिमेला रुंद, जवळजवळ बिनखिडक्यांचा बुरूज. मग लोकांचा सभामंडप. मग कमान आणि तिच्या पलीकडे पूर्वेचा गाभारा. इथला गाभारा मंडपाच्या सरळ रेषेत नाही. जुनं चर्च मध्ये उभं ठेवूनच त्याच्याभोवती नवं बांधलं, त्यामुळे गवंड्यांना एका टोकावरून दुसरं टोक दिसलंच नसेल, असं तो म्हणायचा. कागदावर त्यानं लिहिलं होतं: गाभाऱ्याचा मध्य एकवीस सेंटिमीटर उत्तरेला.

समोरच्या घरातल्या बाईंनी किल्ली दिली. बुरुजाच्या दारापासून कमानीच्या मध्यातून मी दोरी ताणली. माझ्या दहा वर्षांच्या मुलीनं दुसरं टोक पूर्वेच्या भिंतीला धरलं. फरशीचा गारठा बुटांतून वर चढत होता.

गाभाऱ्याच्या खिडकीचा मध्य दोरीपासून बरोबर एकवीस सेंटिमीटरवर होता. पण दक्षिणेला.

अशी एखादी चूक कुणाचीही होते. मी त्याची वही उघडली. उत्तरेच्या भिंतीतलं छोटं दारही त्यानं दक्षिणेला काढलं होतं. आकडे अचूक, बाजू उलटी.

ऑक्टोबरमध्ये त्यानं मोजलं त्या दिवशी आम्ही तिघं डबा घेऊन इथे आलो होतो. निघताना तो भलत्याच दिशेला चालू लागला.

"अहो मोजणीसाहेब, बस डावीकडे आहे," मी म्हणाले.

"मग डावीकडेच चाललोय ना," तो म्हणाला.

मुलगी हसली. मीही हसले. घरी पोचेपर्यंत त्याला चिडवत राहिले.

"आई, श्टिम्ट्स?" मुलगी भिंतीजवळून विचारत होती. बाबाचं बरोबर आहे ना, एवढंच तिला हवं होतं.

"आकडा बरोबर आहे."

"गेनाऊ? अगदी तंतोतंत?"

"गेनाऊ."

ती दोरी गुंडाळत माझ्यापर्यंत आली.

प्रोफेसरांना मी लिहिलं की जुना नकाशा बरोबर आहे. वहीतलं काही खोडलं नाही. आता मी त्या ऑक्टोबरच्या आधीचे, सप्टेंबरचे त्याचे फोटो बघत असते, एकेक, मोठे करून.