तुळसाबाईची सही

टिटवाळ्याला नव्या इमारतींची रांग जिथं संपते आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथं शेवटच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तुळसाबाई राहते. मूळची फलटणकडची. लग्न होऊन इकडे आली आणि सत्तावीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कारखान्यात पिंपं भरत राहिली. सातवी शिकलेली. बोलणं कमी, पण बोललेला शब्द मागं घ्यायची सवय नाही. अशा बाईनं माफीच्या कागदावर सही करावी म्हणून गेल्या महिन्यात तिला ठाण्याला, नौपाड्यात बोलावलं होतं. कशाबद्दल माफी, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

कारखान्यात तुळसाच्या शेजारच्या पिंपावर कांता नावाची बाई होती. दोघी एकत्र जेवायच्या, एकमेकींच्या भाजीला नावं ठेवायच्या. एके दुपारी भोंगा झाला. मागच्या शेडला आग लागलेली. सगळ्या बायका धावल्या. फाटकापर्यंत कांता तुळसाच्या बरोबर होती. फाटकाशी ती थबकली आणि म्हणाली, "अगं, डबा राहिला. नवा आहे, सासूबाई बोलतील." आणि वळली. तुळसाच्या बोटांत तिच्या पदराचं टोक आलं होतं. ते निसटलं.

पुढं मालकाच्या माणसांनी कागद केला. मृत्यूचं कारण, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. शेडच्या दाराशी भरलेली पिंपं कुणी रचून ठेवली होती, ते त्या कागदात कुठंच नव्हतं.

तेव्हापासून तुळसानं एक काम अंगावर घेतलं. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. महिन्यातून एकदा सरावाचा भोंगा व्हायचा. ती शेडच्या दारात उभी राहायची आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकीच्या हातातलं काढून खाली ठेवायची. डबा, पर्स, मोबाईल, जे असेल ते. नव्या पोरी चिडायच्या. "मावशी, तुम्ही काय गेटवरचे पोलीस आहात का?" ती म्हणायची, "शिव्या दे, पण हात रिकामे दे." वीस वर्षं तिनं शिव्या खाल्ल्या आणि हात रिकामे केले.

या वर्षी विहारातल्या अकरा जणांनी बुद्धगयेची यात्रा केली. तुळसाचा पहिला विमानप्रवास. परत येताना एका मोठ्या शहरात विमान बदललं. ते दुसरं विमान धावपट्टीवर वेगात धावू लागलं आणि भरलेलं पिंप उंचावरून आपटावं तसा आवाज झाला. घारी उजव्या बाजूच्या इंजिनात गेल्या होत्या. विमानानं कचकन ब्रेक मारला. जळकट वास आला. उजवीकडच्या खिडक्या नारिंगी झाल्या. विमान थांबलं तेव्हा हवाई सुंदरी ओरडून सांगत होती, सामान सोडा, डाव्या दारानं उतरा, सगळं सोडा.

तुळसाच्या पायाशी पिशवी होती. तिच्यात विहारासाठी घेतलेली वीतभर मूर्ती. तिनं पिशवीकडं पाहिलंसुद्धा नाही. उठली, शेजारच्या शहात्तर वर्षांच्या रंगूबाईला दंडाला धरून उभं केलं आणि रांगेत आली.

रांग हलेना. पुढं एक गृहस्थ वरच्या कप्प्यातून चाकांची बॅग ओढत होता. बॅगेचं चाक अडकलं होतं. तो शांतपणे, घरी माळ्यावरून ट्रंक काढावी तसा, ती इकडून तिकडून फिरवत होता. त्याच्या मागं तीसेक माणसं. धूर आत यायला लागलेला.

"साहेब, राहू द्या," तुळसा म्हणाली.

"एक मिनिट हो, लॅपटॉप आहे."

बॅग सुटली, त्याच्या हातात आली. तुळसानं ती त्याच्या हातातून काढली आणि रिकाम्या सीटवर टाकली. तो परत वाकला. तिनं त्याला पाठीला धरून दारापर्यंत नेलं. दारात फुगवलेली घसरगुंडी. तिथंही तो मागं वळला, तेव्हा तिनं त्याला ढकललं. मग रंगूबाईला, मग मागून येणाऱ्या एकेकाला. प्रत्येकाच्या हातातलं ती काढत होती आणि बाजूला टाकत होती. हवाई सुंदरी दुसऱ्या बाजूनं तेच करत होती. दोघींनी एकमेकींकडं पाहिलंही नाही.

खाली गवतावर रंगूबाई धापा टाकत म्हणाली, "तुळसे, मूर्ती राहिली गं."

"राहू दे, आक्का. भगवंतांनी राज्य सोडलं. मी पिशवी सोडली म्हणून रागावतील व्हय?"

सगळे वाचले. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं, बावीस सेकंदांचं. त्यात धूर नाही, अडलेली रांग नाही. नऊवारी नेसलेली एक बाई एका सभ्य माणसाची बॅग ओढते आणि त्याला ढकलते, एवढंच आहे. खाली नाव दिलेलं, 'बॅग हिसकावणारी मावशी'. त्याखाली लोकांची अक्कल. 'अशांना विमानात घेतात कशाला?' 'फुकट तिकीट असणार.' बातम्यांनी घारींना दोष दिला. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर कोंबड्यांची आतडी कोण आणून ओततं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. घारी काय, बोलत नाहीत. कांताही बोलायला उरली नव्हती.

तो गृहस्थ नौपाड्यातला निघाला. केदार त्याचं नाव. घसरताना मनगट मोडलं होतं. त्यानं निरोप पाठवला, लेखी माफी द्या, नाहीतर पोलिसांत जातो.

तुळसाचा मुलगा महेंद्र कल्याणला कुरियरच्या ऑफिसात आहे. तो म्हणाला, "आई, सही करून टाक. सान्वीला शाळेत पोरी चिडवतात, तुझी आजी चोर म्हणून. सही केली की विषय संपला."

"सही केली की विषय संपत नाही रे. सही केली की मी चोर ठरते. मग सान्वीला काय सांगू?"

"मग काय करायचं?"

"जाऊन येऊ. बघू कागद."

वकिलाचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. केदार आधीच येऊन बसला होता, हात गळ्यात. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं उठून तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्यामुळं तर तुळसाला जास्त राग आला.

वकिलानं कागद पुढं सरकवला. तुळसा चष्मा लावून हळूहळू वाचू लागली. 'मी घाबरून जाऊन, अज्ञानामुळे, श्री. केदार यांची बॅग त्यांच्या हातातून काढून घेतली व त्यांना ढकलले. याबद्दल मी बिनशर्त माफी मागते.'

"मावशी, फक्त खाली सही," वकील म्हणाला. "येते ना?"

"येते. वाचताही येतं." तिनं मान वर केली. "केदारसाहेब, एक विचारू? त्या दिवशी तुमच्या मागं कोण होतं?"

"म्हणजे?"

"रांगेत. तुमच्या मागं."

केदारनं आठवून पाहिलं. "गर्दी होती. तुम्ही होतात."

"माझ्या हाताला धरून एक म्हातारी होती. तिच्या मागं एक बाई, कडेवर पोर. त्यांच्या मागं आणखी कितीतरी. तुम्ही एकदाही मागं बघितलं नाही. बॅगेकडं बघायला दोनदा वळलात, माणसांकडं एकदाही नाही."

वकील म्हणाला, "ते ठीक आहे, पण यांचं मनगट मोडलंय."

"मोडलं. माझ्या ढकलण्यानं मोडलं. मी कुठं नाही म्हणते? पेन द्या."

महेंद्रनं सुटकेचा श्वास घेतला. तुळसानं पेन घेतलं आणि 'घाबरून जाऊन' यावर सरळ रेघ मारली. मग 'अज्ञानामुळे' यावर. मग माफीचं अख्खं वाक्य खोडलं, सावकाश, अक्षर अन् अक्षर. उरलं एवढंच, की मी बॅग काढून घेतली व त्यांना ढकलले. त्याखाली तिनं गोल अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं आणि तारीख घातली.

"घाबरले नव्हते. अज्ञान म्हणाल तर ते काम मी वीस वर्षं केलंय. हा कागद घेऊन खुशाल पोलिसांत जा. मीही येते. तिथंही हेच सांगते. एकदा एका बाईला मी जाऊ दिली होती. तिच्यावर मालकानं असाच कागद केला, आणि आम्ही सगळ्या गप्प बसलो. एवढी एकच चूक माझी, तिची माफी मागायची तर ती कांताच्या लेकरांची मागेन."

वकिलानं केदारकडं पाहिलं. केदार कागदाकडं बघत होता. त्यानं तो उचलला नाही, आणि परतही दिला नाही.

तुळसा उठली. अर्ध्या जिन्यात महेंद्र थांबला. "आई, तुझी पिशवी वरच राहिली."

"जा, घेऊन ये," ती म्हणाली. "इथं काही आग लागलेली नाही."